पुरून ठेवलेले धन

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेऱ्याचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणल्या जातात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग प्रत्येक कुटुंब एकेक जुडी घरी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवते. माझ्या लहानपणी या लोंब्या देवळापासून हाकेच्या अंतरावरून येत. आता त्या वसईकडून टेम्पोने येतात. सणात बाकी काही उणे नसते. लुगडी नेसलेल्या बायका असतात, बँड असतो, मिस्सेनंतर जेवण असते. मालाडच्या मातीतले भात तेवढे नसते.

गेल्या आगेऱ्याला माझी आठ वर्षांची नात ती जुडी हातात धरून घरी येत होती. वाटेत तिने विचारले, "आजोबा, आपलं शेत कुठे होतं?" मी बोट दाखवले. समोर सात मजल्यांची इमारत होती आणि तिच्या पोटात मोटारी उभ्या होत्या. तिने क्षणभर पाहिले आणि दुसरा प्रश्न केला, "मग त्याची माती कुठे गेली?"

मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, तरीही ते मला त्या वेळी देता आले नाही. ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो आहे.

आमचे शेत म्हणजे खाजण. ज्या वाचकांनी खाजण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. खाडीच्या काठची जमीन भरतीच्या पाण्यापासून राखण्यासाठी आमच्या पूर्वजांनी चिखलाचे आणि दगडांचे बांध घातले. बांधाला लाकडी झडपेची उघाडी असे. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटे, आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडे. पहिल्या पावसात जमिनीतील खार धुऊन निघाला की पेरणी होई. खारे पाणी थोडेफार सोसणारे तांबड्या तांदळाचे राता भात आम्ही लावीत असू.

बांधाच्या बाहेर, थेट खाडीच्या पाण्यापर्यंत, तिवरांचा पट्टा होता. त्या पट्ट्याविषयी माझ्या आजोबांचा कडक नियम होता. चुलीसाठी वाळकी काटकी आणावी. ओल्या फांदीला कोयता लावू नये. "तिवर गेली की बांध गेला, बांध गेला की भात गेला," असे ते म्हणत. ओहोटीच्या वेळी ते मला चिखलात घेऊन जात. तिवराची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलींसारखी वर आलेली असत. त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारीत. चिंबोरीच्या बिळात हात कसा घालावा, हे मी तेथेच शिकलो. त्या चिखलाला एक उग्र वास असे, नासक्या अंड्यासारखा. शाळेत स्टेशनकडची मुले आम्हाला पाहून नाक दाबीत. हळूहळू मलाही त्या वासाची लाज वाटू लागली. तिचा आमच्या शेताच्या भवितव्याशी संबंध आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो.

लागोपाठ दोन पावसाळ्यांत बांध फुटला. बांध घालायला पूर्वी सारे गावठाण एकत्र येई. आता जो तो नोकरीवर. माणसे मिळेनात. त्याच सुमारास, १९७८ साली, जमिनीला गिऱ्हाईक आले. वडिलांचे मन होत नव्हते. दोन-तीन आठवडे ते संध्याकाळी एकटेच बांधावर जाऊन बसत. अखेर त्यांनी मला विचारले, कारण घरात पदवीधर मी एकटाच होतो. मी म्हणालो, "पपा, या चिखलात काय ठेवलंय?"

वडिलांनी सही केली. त्या पैशात बहिणीचे लग्न झाले आणि आमच्या घराच्या तीन खोल्या पक्क्या बांधल्या गेल्या. पैसा वाईट मार्गाला गेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे दोन वर्षे लॉऱ्या येत राहिल्या. मुरूम, विटांचे तुकडे, पाडलेल्या घरांचा राडारोडा खाजणात पडला, आणि बांध ओलांडून तिवरांतही पडला. श्वसनमुळे गाडली गेली. वर्षाच्या आत झाडांची पाने गळाली आणि ती उभ्या-उभ्या वाळली. आजोबा तोवर हयात नव्हते, याबद्दल मी त्या वेळी देवाचे आभार मानले होते.

याच काळात मी वर्गात मुलांना कार्बनचे चक्र शिकवीत होतो. झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, त्यातील कार्बनपासून आपले खोड, मुळे, पाने घडवते. झाड मेले, पान गळले, की जिवाणू ते कुजवतात आणि तो कार्बन पुन्हा हवेत जातो. फळ्यावर बाणांचे वर्तुळ काढले की माझा धडा संपे. वर्तुळाच्या एका बाजूला 'माती' असा शब्द मी लिहीत असे, परंतु तेथे थांबत नसे. वास्तविक जगाच्या जमिनीत जितका कार्बन साठलेला आहे, तो हवेतील आणि साऱ्या झाडाझुडपांतील कार्बनची बेरीज केली तरी तिच्याहून अधिक भरतो. मी मुलांना झाडाकडे पाहायला शिकवले. झाडाखाली पाहायला शिकवले नाही.

खाडीचा चिखल या साठवणुकीत फार वरच्या प्रतीचा आहे. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात सापडेल. मे महिन्यात आपल्या घरोघरी बाटली मसाला कुटला जातो. तो गडद रंगाच्या बाटल्यांत दांड्याने ठासून भरतात आणि तोंड घट्ट बंद करतात. हवा आत राहिली तर मसाला टिकत नाही, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते. खाडीचा चिखल असाच ठासून भरलेला असतो. भरतीचे पाणी त्याला सतत भिजत ठेवते, त्यामुळे काही अंगुळे खाली प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही. प्राणवायू नसला की पाने आणि मुळे अतिशय सावकाश कुजतात. जे जिवाणू तेथे जगतात ते समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. नासक्या अंड्याचा तो वास याच वायूचा. ज्या वासाची मला लाज वाटली, तो कोठाराचे दार घट्ट बंद असल्याची खूण होता! प्रत्येक भरती नवा गाळ आणून वर पसरते आणि खालचे थर शेकडो वर्षे तसेच पडून राहतात.

२०११ साली हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील २५ कांदळवनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि त्यातील ४९ ते ९८ टक्के जमिनीत होता. उष्ण प्रदेशातील सर्वाधिक कार्बन साठवणाऱ्या वनांत कांदळवनांची गणना त्यामुळे होऊ लागली. आपल्या खाडीतील बुटक्या तिवरांचा आकडा एवढा मोठा नसेल, पण तत्त्व तेच आहे. धन झाडावर कमी आणि झाडाखाली जास्त.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. भराव घातला तेव्हा तिवरे मेली, आणि दरवर्षी चिखलात पडणारी नवी भर थांबली. पुढे इमारतीचा पाया खणला गेला, नाले काढले गेले, तेव्हा उपसलेल्या काळ्या चिखलाचे ढीग उन्हात पडले. बाटलीचे बूच निघाले. शेकडो वर्षे हवेपासून दूर राहिलेल्या त्या मातीतील कार्बन जिवाणूंनी थोड्याच काळात प्राणवायूशी जोडून मोकळा केला. एक टन कार्बनपासून सुमारे पावणेचार टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेव्हा आपल्या शेताच्या मातीचा एक भाग त्या इमारतीखाली दबला, एक भाग लॉरीतून कोठेतरी गेला, आणि एक भाग, बाळे, हवेत गेला. 'या चिखलात काय ठेवलंय?' या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे फार उशिरा मिळाले.

एका शेताने जगाचे हवामान बदलत नाही, हे मलाही कळते. कोळसा आणि खनिज तेल जाळणे हेच मुख्य कारण. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. परंतु अशी शेते आणि अशा खाड्या जगभर उघडल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखा एक शहाणा मुलगा बापाला सल्ला द्यायला हजर असावा. शिवाय उष्णता वाढली की जमिनीतील जिवाणू अधिक वेगाने काम करू लागतात. उन्हाळ्यात शिळा भात लवकर आंबतो, तसेच हे. जमीन तापते, अधिक कार्बन सोडते. त्याने हवा तापते आणि जमीन आणखी तापते.

२६ जुलै २००५ ची दुपार मालाडकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून निघणाऱ्या पोईसर आणि ओशिवरा या नद्या आमच्याच खाडीला येऊन मिळतात. त्या दिवशी खाडीला भरती होती. पाणी वरूनही आले आणि पुढे जायलाही जागा उरली नाही. शेत विकून बांधलेल्या त्या तीन पक्क्या खोल्यांत कमरेएवढे पाणी शिरले. मी आणि माझी पत्नी माळ्यावर बसून रात्रभर रोझरी म्हणत होतो. मुलगा कामावरून चालत निघाला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. पाणी ओसरल्यावर जमिनीवर चार बोटे गाळ राहिला. तो उपसताना मला तो जुना वास आला.

हा देवाचा कोप होता असे मी मानत नाही. देव हिशेब असे चुकते करीत असता, तर त्या रात्री जे बुडाले त्यांत गरिबांचा भरणा नसता. १९७८ पूर्वी असे पाणी आले असते तर ते आमच्या खाजणात आणि तिवरांत पसरले असते, एवढेच मला म्हणायचे आहे. पाणी आपल्या जुन्या जागी आले. तेथे मी राहत होतो. एका पावसाचा दोष केवळ हवामानबदलावर टाकणेही योग्य नाही. मात्र हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि मग पाऊस पडतो तेव्हा ओतल्यासारखा पडतो. मध्य भारतातील मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. जून २०२० मध्ये 'निसर्ग' आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते' ही वादळे आली, तेव्हा मढ आणि मनोरीच्या बांधवांनी होड्या कशा सांभाळल्या, ते त्यांनाच विचारावे.

मुक्या जीवांनाही हा बदल जाणवतो आहे. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने सापडणारी तारली तापलेल्या पाण्याबरोबर उत्तरेकडे पसरत आली आहे. मासळीला पोहून दूर जाता येते. तिवराला ते शक्य नाही. समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात जगभरात सरासरी वीत-सव्वावीत, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर वाढली. कांदळवन यावर दोन उपाय करते. मुळांत गाळ अडवून ते आपली जमीन उंच करीत जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्या बिया मागच्या अंगाला रुजवून काठाकडे सरकते. परंतु समुद्र वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढू लागला तर गाळाची ही शर्यत कांदळवन हरते, असे जगभरच्या जुन्या गाळाच्या अभ्यासातून २०२० साली निष्पन्न झाले. मागे सरकावे तर मागे आपल्या भिंती, रस्ते आणि इमारती आहेत. पुढे समुद्र आणि मागे भिंत अशा चिंचोळ्या पट्टीत तिवर राहते. निवटी, चिंबोरी, हिवाळ्यात दुरून येणारे किनाऱ्याचे पक्षी आणि रात्री दिसणारा कोल्हा यांचे घर तेच आहे.

कायद्याने काही केले नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवने तोडण्यास मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ मधील निकालात त्यांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असल्याचे म्हटले. २०१२ साली राज्य शासनाने कांदळवनांसाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष स्थापन केला. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. तरीही वर्सोव्याहून भाईंदरकडे जाण्याच्या नियोजित किनारी रस्त्याच्या आखणीत आपल्या बाजूच्या कांदळवनाचा मोठा भाग आला आहे. रस्त्याची गरज खरी आहे. पश्चिम उपनगरातील गर्दीत रोज दोन-दोन तास घालवणाऱ्या मुलाचा मी बाप आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावू, असे अशा वेळी सांगितले जाते. रोप लावणे चांगलेच. पण रोप झाडाची भरपाई करील, झाडाखालच्या चिखलाची करणार नाही. तो साठा पुन्हा व्हायला शेकडो वर्षे लागतील.

याच संदर्भात मला प्रभू येशूने सांगितलेला तालांतांचा दाखला नेहमी आठवतो. मालकाने दिलेले धन ज्या चाकराने जमिनीत पुरून ठेवले, त्याची त्या दाखल्यात कानउघाडणी होते. आम्ही तो दाखला पाठ केला आणि जमीन स्वस्थ ठेवणाऱ्याला आळशी समजू लागलो. त्यातला दोष पुरण्याचा नसून अविश्वासूपणाचा आहे, हे मला उतारवयात उमगले. आमच्या आजोबांना मालकाने जे सोपवले होते, ते पुरलेले राहण्यातच त्याची वाढ होती. मी ते उकरले आणि त्याला प्रगती म्हटले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा आमच्या फादरांनी ते मला वाचायला दिले. त्यातील ३९ व्या परिच्छेदात किनाऱ्यावरील कांदळवनांच्या आधारे जगणारी जीवसृष्टी नाहीशी होत असल्याची चिंता व्यक्त केली आहे. तेथे माझे बोट थांबले. रोममध्ये बसून पोप महोदयांनी आमच्या चिखलाची आठवण ठेवली होती, आणि खाडीच्या काठी जन्मलेला मी ती विसरलो होतो. त्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. इतकी वर्षे पापनिवेदन केले, पण जमिनीचे पाप कधी उच्चारले नव्हते. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भरपाई कशी कराल?" चोरलेला पैसा परत देता येतो. चिखल कोणाला परत देऊ?

मला एकच भरपाई सुचली आणि ती लहान आहे. आमच्या धर्मग्रामात दरवर्षी अनेक घरांची दुरुस्ती निघते. लादी बदलते, भिंत पाडली जाते. तो राडारोडा घेऊन जाणारी लॉरी रात्री कोठे रिकामी होते, हे आपण कंत्राटदाराला विचारत नाही. स्वस्तात काम झाले, एवढे आपल्याला पुरते. गेली काही वर्षे मी घरोघरी जाऊन हा प्रश्न विचारायला सांगतो. काहीजण म्हाताऱ्याचे वेड म्हणून सोडून देतात. काहींनी मात्र खरोखर विचारले, आणि एकाने तर लॉरीमागून स्कूटर नेली. तिवरांत पडणार असलेली ती लॉरी त्या रात्री परत फिरली. माझ्या शेतावर दोन वर्षे पडलेल्या लॉऱ्यांच्या तुलनेत ही एक लॉरी काहीच नाही. तरी मी तिचा हिशेब मनात धरून ठेवला आहे.

आगेऱ्यानंतरच्या शनिवारी मी नातीला घेऊन मार्वेच्या धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. मनोरीची बोट पलीकडे होती. किनाऱ्याच्या कडेला, तिवरांच्या बुंध्याशी, चिखल उघडा पडला होता. नातीने नाक दाबले. मी तिला बाटली मसाल्याची गोष्ट सांगितली, मग त्या वासाचे कारण सांगितले, आणि शेवटी आमच्या शेताची माती कोठे गेली ते सांगितले. १९७८ साली मी वडिलांना काय म्हणालो, तेही लपवले नाही.

ती बराच वेळ गप्प राहिली. इतक्यात एक निवटी चिखलावरून उडी मारून पाण्याच्या कडेला गेली, आणि नातीने तिच्याकडे बोट दाखवीत विचारले, "ही कुठे राहते?"

"इथेच," मी म्हणालो. "याच्या आत."

तिने नाकावरचा हात काढला आणि कठड्यावर वाकून पाहू लागली. राखेच्या बुधवारी आपण माती आहोत याची आठवण फादर कपाळावर राख लावून करून देतात. या वर्षी ती राख लावून घेताना मला मार्वेचा काळा चिखल आठवला, आणि त्याच्यासारखे होणे ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही, असे वाटून गेले.